मुलाच्या मानेतली गाठ: किती दिवस थांबायचं?

शाळकरी मुलाच्या मानेवरून बोटं फिरवली तर हरभऱ्याएवढी एखाददुसरी गाठ हाताला लागतेच. आईला ती केस विंचरताना सापडते, रात्री मोबाइलवर शोधाशोध होते आणि झोप उडते. म्हणून आधीच सांगून टाकावं हे बरं: मुलांच्या मानेतल्या गाठींपैकी कॅन्सरच्या निघतात त्या अगदी थोड्या. बाकीच्या सर्दीच्या, टॉन्सिलच्या, किडलेल्या दाढेच्या, फुटलेल्या कानाच्या, डोक्यातल्या खवड्यांच्या आणि उवांच्या. हो, उवांच्याही. डोकं खाजवून जखमा झाल्या की कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला गाठींची रांग उठते, आणि कुणी केस बाजूला सारून बघितलं नाही तर रक्ताच्या चार तपासण्या उगाच होतात.

त्या थोड्या गाठी मात्र वेळेत ओळखायला हव्यात, कारण मुलांचा लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कॅन्सर, हा बरा होणारा कॅन्सर आहे. हॉजकिन लिम्फोमा झालेली दहातली नऊच्या आसपास मुलं चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतल्यावर बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये मुलांच्या कॅन्सरसाठी मोहीम सुरू केली तेव्हा सहा आजार निवडून पुढे ठेवले. त्यांत हॉजकिन आणि बर्किट असे दोन लिम्फोमा आहेत. आपल्याकडची अडचण अशी की मुलं मोठ्या रुग्णालयात फार उशिरा पोचतात. त्याचा दोष नेहमी आईबापांवर टाकला जातो, पण अनेक घरांत मूल पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलेलं असतं. पुढचे महिने भलत्याच आजाराच्या औषधात जातात.

रसग्रंथी आणि लिम्फोमा

मान, काख, जांघ, छाती, पोट असं सगळं मिळून आपल्या शरीरात पाचसहाशे रसग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे राहतात आणि गरज पडली की तिथेच संख्येने वाढतात. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण येतं ते यामुळेच. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा तरी सर्दी-खोकला होतो, त्यामुळे त्यांच्या ग्रंथींना उसंत नसते. दहा-बारा वर्षांपर्यंत त्या मोठ्या माणसांपेक्षा ठळक राहतात, मग हळूहळू बसतात. तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत गाठ आली तर बीसीजीची लस आठवावी. ती डाव्या दंडावर टोचतात, आणि काही बाळांना त्यानंतर काही महिन्यांत त्या बाजूच्या काखेत गाठ येते. बहुतेकदा ती आपोआप जाते, फक्त डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवावी.

या लिम्फोसाइट पेशींपैकी एखादी बिघडली आणि बेसुमार वाढत सुटली की लिम्फोमा होतो. या पेशी शरीरभर असल्यामुळे आजार मानेतच सुरू होईल असं काही नाही. छातीत, आतड्याच्या भिंतीत, टॉन्सिलमध्ये, जबड्यातही होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मूल पडलं म्हणून, पाकिटातलं खाल्लं म्हणून किंवा गरोदरपणात आईने काही पाळलं नाही म्हणून होत नाही. काही प्रकारांत एपस्टाइन-बार नावाचा विषाणू सापडतो, पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात कधी ना कधी येऊन गेलेला असतो आणि लिम्फोमा होतो तो फार थोड्यांना. ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच कमी आहे, एचआयव्ही आहे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर औषधं चालू आहेत, अशा मुलांना धोका जास्त.

डॉक्टर लिम्फोमाचे दोन मोठे गट करतात, हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन. पालकांच्या दृष्टीने यातला वेगाचा फरक तेवढा लक्षात राहिला तरी पुरे. हॉजकिन आठवडे-महिने घेत वाढतो आणि जास्त करून पाचेक वर्षांच्या पुढच्या मुलांत, किशोरवयात दिसतो. मोठ्या माणसांत काही नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षानुवर्षं संथ चालतात. मुलांत ते जवळपास नेहमी झपाट्याने वाढणारे असतात, दिवसांत.

गाठ कशी बघायची

मुलाला स्टुलावर बसवून मागे उभं राहा आणि बोटांच्या पेरांनी हलकेच मान चाचपा. हरभऱ्याएवढी, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आतली, मऊ आणि बोटाखाली सरकणारी गाठ सहसा काळजीची नसते. जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतही चालतं. दोन सेंटिमीटर म्हणजे सुपारीएवढी झाली की डॉक्टरांना दाखवावी.

जागा आकारापेक्षाही महत्त्वाची. जबड्याखालच्या गाठी बहुधा घसा आणि दातांच्या. पण मान संपते तिथे, खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडाच्या वर जी खळगी असते, तिथे लागलेली गाठ कितीही छोटी असली तरी थांबायचं कारण नाही. छातीतून आणि पोटातून येणारा रस तिथल्या ग्रंथींतून जातो, त्यामुळे तिथली गाठ बऱ्याचदा आतल्या आजाराचा पत्ता देत असते. या एका जागेसाठी त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी.

दुखण्याबद्दल आपल्या घरांत नेमका उलटा समज आहे. "दुखत नाही ना? मग राहू दे." दुखणारी, लाल, गरम गाठ बहुतेकदा जंतुसंसर्गाची असते आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरते. लिम्फोमाची गाठ सहसा दुखत नाही. दाबली तर खोडरबरासारखी लागते, दगडासारखी कडक नाही आणि मऊही नाही. मूल तिच्यासकट सायकल चालवत असतं, म्हणून ती खपून जाते.

आता थांबायचं किती, ते. गाठ लहान आहे, सरकते, मूल खातंय-खेळतंय, वर सांगितलेल्या खळगीत नाही, तर दोन ते चार आठवडे बघायला हरकत नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला तर तो पूर्ण करावा. एकच. त्याने फरक पडला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा, आणि मग डॉक्टर बदलून पहिल्यापासून पुन्हा तेच, असं व्हायला नको. चार ते सहा आठवड्यांनी गाठ तेवढीच राहिली, किंवा त्याआधीच वाढताना दिसली, तर पुढची तपासणी मागायची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहितो तिथेच गाठ सापडली ती तारीख लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा पट्टी शेजारी धरून फोटो काढा. "बरेच दिवसांपासून आहे" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. रोज मात्र दाबून बघू नका. रोज दाबलेली गाठ रोज मोठी वाटते. बिब्बा, चुना, गरम शेक यातलं काहीही लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते आणि मग खाली काय आहे ते बोटांना कळत नाही.

ताप, घाम, वजन

गाठीबरोबर तीन गोष्टी डॉक्टर हमखास विचारतात. कारण न सापडणारा, 38 अंश सेल्सियसच्या, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर जाणारा ताप. रात्री कपडे आणि उशी भिजून बदलावी लागेल इतका घाम. नागपुरात मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो, तो यात धरायचा नाही. आणि सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, म्हणजे वीस किलोचं मूल अठरा किलोवर येणं. यातही मुलांची एक वेगळी गोष्ट आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाचं वजन वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढायला हवं. सहा-आठ महिने काटा जागचा हलला नाही, तर मुलासाठी तेही एक लक्षण आहे.

हॉजकिनमध्ये काही मुलांना अंगभर खाज सुटते, पुरळ काहीच नसतं, खाजवून खाजवून ओरखडे मात्र असतात. खरजेचं मलम लावून ती थांबत नाही.

यातलं काहीही नसलं तरी लिम्फोमा असू शकतो. पुष्कळ मुलांत नुसती गाठ असते. "रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे ऐकून गाठ विसरून जाणं हा तर फार मोठा सापळा. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिम्फोमात अगदी नॉर्मल येऊ शकते, कारण आजार ग्रंथीत असतो, दरवेळी रक्तात उतरतोच असं नाही.

छातीत आणि पोटात: इथे थांबायचं नाही

छातीच्या मधोमध, श्वासनळीच्या पुढे काही लिम्फोमा वाढतात. बाहेरून काही दिसत नाही. आठवडाभरात सुरू झालेला कोरडा खोकला, धाप, शिट्टीसारखा आवाज. दमा समजून वाफारा सुरू होतो. यातली खूण झोपण्याची आहे: मूल उताणं झोपायला तयार होत नाही. दोन उशा मागतं, नाहीतर आईच्या खांद्यावर बसून झोपतं, कारण आडवं झालं की गाठीचा भार श्वासनळीवर येतो. सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळ्यांभोवती सूज, मानेच्या शिरा फुगलेल्या. असं दिसलं तर रात्र असली तरी निघा, आणि ज्या रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता विभाग आहे तिथे जा. अशा मुलाला झोपेचं औषध देऊन आडवं करणंही धोक्याचं असतं, म्हणून पोचल्या पोचल्या सांगा: "हा आडवा होऊ शकत नाही."

आधी कधीही दमा नव्हता, घरात कुणाला नाही आणि अचानक मोठ्या मुलाला "दमा" झाला, तर छातीचा एक साधा एक्स-रे काढून घ्यावा. तालुक्याच्या गावीही तो निघतो. तोही स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही औषधं दम्याच्या खऱ्या झटक्यात जीव वाचवतात, त्यांना घाबरून नाकारू नका. पण लिम्फोमाच्या पेशीही त्यांनी मरतात. गाठ दोन दिवसांत विरघळल्यासारखी वाटते, मूल हसायला लागतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. काही आठवड्यांनी आजार परत येतो, आणि मधल्या काळात तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला (बायोप्सी) तर त्यात काय होतं ते तज्ज्ञालाही सांगता येत नाही. शिवाय खूप पेशी एकदम मेल्या की त्यांतला कचरा मूत्रपिंडावर येतो. लघवी बंद होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. कॅन्सर रुग्णालयात हेच औषध देताना सलाइन लावून, रक्त तपासत देतात ते यासाठी.

पोटाची कथा बर्किट लिम्फोमाची. डेनिस बर्किट हे आयरिश सर्जन युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात काम करत होते. 1957 मध्ये त्यांच्यापुढे जबडे सुजलेला एक लहान मुलगा आला, मग तशीच आणखी मुलं त्यांना दिसत गेली. 1958 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. पुढे 1964 मध्ये याच गाठींच्या पेशींत एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना तो विषाणू सापडला. आफ्रिकेत हा आजार जबड्यात ठळक दिसतो, आपल्याकडे पोटात जास्त. पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात, त्यामुळे गेल्या रविवारी न दिसलेलं पोट या रविवारी फुगलेलं असतं. चड्डीचं इलॅस्टिक रुततं, मूल दोन घास खाऊन पोट भरलं म्हणतं, उलट्या होतात. जंत म्हणून औषध दिलं जातं, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतलं जातं. फुगलेलं पोट कुणालाही चोळू देऊ नका. त्याच दिवशी सोनोग्राफी करा.

पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाच्या आतड्यात आतडं शिरून अडकलं, तर सर्जननी त्यामागे लिम्फोमा आहे का हे बघायला हवं. बाळांमध्ये असं बऱ्याचदा नुसतंच होतं, मोठ्या मुलांत तिथे काहीतरी असण्याची शक्यता वाढते. तसंच पक्के दात हिरडीत एकाएकी हलायला लागणं, किंवा एकाच बाजूचा टॉन्सिल महिनाभरात दुसऱ्याच्या दुप्पट होणं. ही लक्षणं क्वचितची आहेत, पण दंतवैद्याने आणि कान-नाक-घसावाल्यांनीही ती मनात ठेवावीत.

टीबीचं औषध, तुकडा न तपासता

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. जगातले सर्वाधिक टीबीचे रुग्ण भारतात आहेत. मानेतली गंडमाळ आपल्या आज्यांनाही माहीत होती. त्यामुळे मानेत मोठी गाठ, संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन घेऊन मूल आलं की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा टीबी येणं बरोबरच आहे, आणि बहुतेक वेळा तो असतोही. गोंधळ तिथून पुढे होतो. नमुना न घेता "एकेटी (टीबीचं औषध) सुरू करून बघू" असं ठरतं. सहा महिन्यांचं औषध. पहिल्या महिन्यात फरक नाही, तर वेळ लागतो म्हणतात. तिसऱ्या महिन्यात गाठ वाढली, तर औषधाला प्रतिसाद देताना कधी कधी वाढते म्हणतात. हे सगळं टीबीत खरंच घडतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. हॉजकिन लिम्फोमा तोवर मानेतून छातीत आणि छातीतून पोटात उतरलेला असतो.

हा गोंधळ आजचा नाही. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या थॉमस हॉजकिन यांनी 1832 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. 1898 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल श्टेर्नबर्ग यांनी त्यातल्या मोठ्या, विचित्र पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या, पण त्यांनाही तो टीबीचाच एक प्रकार वाटला. 1902 मध्ये डोरोथी रीड यांनी तो टीबीहून वेगळा आजार असल्याचं मांडलं. त्या पेशी आज दोघांच्या नावाने ओळखल्या जातात. डोळ्यांनी आणि बोटांनी हे दोन आजार खात्रीने वेगळे करता येत नाहीत, हे तेव्हापासून माहीत आहे.

त्यामुळे टीबीचं औषध सुरू करायच्या आधी पालकांनी नम्रपणे पण नक्की विचारावं: "डॉक्टर, गाठीतून नमुना घेऊन टीबी सापडलाय का?" सुई टोचून घेतलेल्या पाण्यात सीबीनॅट तपासणीने टीबीचे जंतू शोधता येतात, सरकारी कार्यक्रमात ती मोफत होते. जंतू सापडले तर औषध पूर्ण करा. नाही सापडले, आणि रिपोर्टमध्ये नुसतं "ग्रॅन्युलोमा" (सूज आलेल्या पेशींचा पुंजका) लिहिलं असेल, तर ते टीबीवर शिक्कामोर्तब नाही. हॉजकिनच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा दिसू शकतो.

सुईच्या तपासणीची मर्यादाही इथेच आहे. लिम्फोमा ओळखायला पेशी तर लागतातच, पण त्या ग्रंथीत कशा मांडल्या आहेत हेही बघावं लागतं, आणि सुईतून मांडणी येत नाही. त्यासाठी शक्यतो एक अख्खी गाठ काढावी लागते. तीही सर्वांत सोपी असेल ती नको, सर्वांत मोठी किंवा संशयास्पद असेल ती. आणखी एक बारीक गोष्ट, जी ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्यावी: गाठीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि एक नुसत्या सलाइनमध्ये पाठवायला सांगा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग त्या तुकड्यातून टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही. अख्खी गाठ फॉर्मॅलिनच्या डबीत टाकली की अर्धी तपासणी हातची गेली.

"गाठीला सुरी लावली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य प्रत्येक कुटुंबात कुणीतरी म्हणतंच, बहुधा तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. लिम्फोमा सुरीने पसरत नाही. गाठ काढल्याशिवाय तो कोणता प्रकार आहे हे ठरत नाही, आणि प्रकारावर औषध ठरतं: हॉजकिनला साधारण काही महिन्यांची केमोथेरपी, गरज पडली तर रेडिएशन, बर्किटला थोड्या महिन्यांची पण फार जोरकस, लिम्फोब्लास्टिक नावाच्या नॉन-हॉजकिन प्रकाराला दोन वर्षं किंवा जास्त.

पुढचा रस्ता

मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर वेगळे असतात, मोठ्यांच्या कॅन्सर डॉक्टरांकडे अडकून राहू नका. परळचं टाटा मेमोरियल सगळ्यांना ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, गोव्यातल्यांसाठी पहिला टप्पा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी रेशन कार्ड आणि आधार दाखवा, पैसे भरून झाल्यावर नव्हे. मुंबईत राहायची सोय हा निम्म्या कुटुंबांचा खरा प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि बाहेरगावच्या मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स मोफत जागा देतं. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून तिथे नाव लावता येतं.

मोठ्या रुग्णालयात जाताना बायोप्सीचा कागद पुरत नाही. जिथे गाठ तपासली त्या लॅबमधून मेणात बसवलेले गाठीचे तुकडे (ब्लॉक) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. त्या रुग्णाच्या हक्काच्या असतात, अर्ज आणि सही केली की मिळतात. तिकडचे तज्ज्ञ त्या पुन्हा तपासतात. त्या गावीच राहिल्या तर कुणाला तरी परत पाठवावं लागतं, नाहीतर मुलाची गाठ पुन्हा काढावी लागते. ब्लॉक उन्हात वितळू शकतात, त्यामुळे एसटीच्या खिडकीपाशी ठेवू नका, पिशवीत आत ठेवा.